एच.एम.टी. धानाचा धडा : वाण बांधीत सापडतो, हक्क मात्र कागदावर टिकतो

शेतकरी बंधूंनो, धान निसवला की आपण बांधीत उतरून भेसळ काढतो. एखादे झाड इतरांपेक्षा उंच दिसते, एखादी लोंबी वेगळ्या रंगाची दिसते. बियाण्यात खोट आली असे म्हणून आपण ते झाड उपटून धुऱ्यावर फेकतो. बियाणे शुद्ध राहायचे तर हे करावेच लागते, त्यात चूक काही नाही. पण फेकण्याआधी त्या लोंबीकडे घटकाभर नीट पाहणारा माणूस हजारांत एखादाच निघतो. असा एक माणूस आपल्याच धानपट्ट्यात होऊन गेला. त्याने शोधलेला धान आज घरोघरी शिजतो. मात्र त्या धानाच्या वाट्याला आले ते शोधणाऱ्याच्या वाट्याला आले नाही. असे का झाले, आणि पुन्हा होऊ नये म्हणून सौंदडसारख्या गावात बसून आपल्याला काय करता येईल, याचा हिशेब आज मांडायचा आहे.

सौंदडच्या स्टेशनावरून चांद्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी मागे टाकून नागभीड येते. त्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहान खेडे आहे. मराठवाड्यातले नांदेड ते निराळे, हे चंद्रपूर जिल्ह्यातले. येथे दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. आपल्यासारखेच धानावर पोट, आपल्यासारखीच पावसाकडे नजर.

तीन लोंब्यांपासून सुरुवात

१९८३ सालची गोष्ट. दादाजींच्या बांधीत ‘पटेल ३’ हा त्या काळचा चांगला चालणारा वाण होता. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. जे. पी. पटेल यांनी तो काढलेला. त्या धानात दादाजींना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर, दाणा बारीक. त्यांनी त्या उपटून फेकल्या नाहीत. वेगळ्या काढल्या, वाळवल्या आणि जपून ठेवल्या.

पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध काही फुटांची जागा राखून त्यांनी ते दाणे टाकले. रानडुकरांनी नासाडी करू नये म्हणून भोवती काट्यांचे कुंपण केले. त्या एवढ्याशा जागेत लोंब्या भरल्या. त्यातले चांगले निवडून पुन्हा बी धरले. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. असे करता करता १९८८ च्या सुमारास त्यांच्याजवळ पेरण्याइतके बियाणे झाले. दाणा बारीक, भात खायला गोड, उत्पन्नही ‘पटेल ३’ पेक्षा सरस.

यात विशेष ते काय, असे तुम्ही म्हणाल. विशेष आहे ते धीराचे. धानाचे फूल बहुतेक वेळा आपल्याच परागाने फळते, म्हणून धानाचा वाण सहसा जसाच्या तसा राहतो. पण कधीमधी शेजारच्या झाडाचा पराग येऊन पडतो, किंवा दाण्याच्या आतच काही फरक घडून येतो. त्यातून वेगळे झाड निपजते. ते पराग मिसळून झालेले असेल तर पहिल्या वर्षी छान दिसलेल्या लोंबीचे दाणे पुढच्या वर्षी पेरा, झाडे सारखी निघत नाहीत. कोणी उंच, कोणी बुटके, कोणाचा दाणा जाड, कोणाचा बारीक. दरवर्षी हव्या त्या झाडाचेच बी धरत गेले की पाच-सहा हंगामांनी फाटे फुटणे थांबते आणि वाण पक्का होतो. शास्त्रज्ञ संशोधन केंद्रात हेच करतात. दादाजींनी ते प्रयोगशाळेशिवाय, पगाराशिवाय आणि दीड एकराच्या पोटाला चिमटा घेऊन केले. ज्या माणसाला बांधीचा कोपरा न् कोपरा पिकवावा लागतो, त्याने वर्षानुवर्षे त्यातला तुकडा प्रयोगासाठी राखायचा ही सोपी गोष्ट नव्हे.

१९९० च्या सुमारास गावातील एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून दीडशे किलो बियाणे नेले आणि चार एकरांत लावले. पीक भरभरून आले, माल बाजारात गेला. तोवर या धानाला नाव नव्हते. त्या दिवसांत एच.एम.टी.चे मनगटी घड्याळ हातात असणे ही ऐट होती. व्यापाऱ्यांनी तेच नाव धानाला लावले. अशा रीतीने शोध शेतकऱ्याचा, नाव घड्याळाचे आणि भाव व्यापाऱ्याचा, असे सुरुवातीपासूनच होऊन बसले. नाव तोंडी झाले, बियाणे हातोहात गेले. नांदेडहून नागभीड, तेथून चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा-गोंदिया आणि पुढे राज्याच्या सीमेपलीकडेही एच.एम.टी. पोचला.

पाच किलो बियाणे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १९९४ साली सिंदेवाही येथील धान संशोधन केंद्राने दादाजींकडून प्रयोगासाठी पाच किलो बियाणे नेले. हे केंद्र अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे. दादाजींनी ते विश्वासाने दिले. चार वर्षांनी, १९९८ साली विद्यापीठाने ‘पी.के.व्ही. एच.एम.टी.’ या नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे असे की आपण मूळ बियाण्याचे शुद्धीकरण करून हा वाण तयार केला. दादाजींचे म्हणणे असे की वाण माझा, आणि माझ्या वाट्याला त्याचे काहीच आले नाही.

येथे दोन्ही बाजू नीट पाहिल्या पाहिजेत. गावोगावी फिरलेल्या बियाण्यात भेसळ होते आणि शुद्धीकरणाला मोल आहे, हे कोणी नाकारणार नाही. विद्यापीठातून वाण प्रसारित झाला की त्याचे प्रमाणित बियाणे निघते, हाही फायदाच. पण शुद्ध करायला आधी वाण असावा लागतो. सोनाराने दागिना उजळला म्हणून तो सोनाराचा होत नाही. मूळ निवड ज्याने केली त्याचे नाव वाणाच्या नावात नाही आणि त्याच्या विक्रीत त्याचा वाटा नाही, ही गोष्ट कोणत्याही तराजूत बसणारी नव्हती.

मग दादाजी कोर्टात का गेले नाहीत? गेले असते तरी कोणत्या कायद्याने? १९९४ आणि १९९८ या दोन्ही साली आपल्या देशात पिकाच्या वाणावर कोणाचा हक्क सांगण्याचा कायदाच नव्हता. १९६६ चा बियाणे कायदा होता. तो बियाण्याची उगवण आणि शुद्धता पाहतो, वाण कोणाचा हे विचारत नाही. त्यातून दादाजींकडे ना पाच किलो बियाण्याच्या अटी लिहिलेला करार होता, ना कोणत्या वर्षी काय पेरले याची कोणाच्या सहीशिक्क्याची नोंद होती. सगळे गाव साक्षीला होते. पण गावाची साक्ष फाइलीत लागत नाही.

पुढे मान मिळाले, नाही असे नाही. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांच्या कामाची दखल घेतली, २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या काळात त्यांचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ या जगप्रसिद्ध मासिकाने ग्रामीण भारतातल्या उद्यमशील माणसांच्या यादीत त्यांचे नाव घातले. या काळात ते थांबले नव्हते. डी.आर.के., नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न असे आणखी वाण त्यांनी काढले. एक वाण योगायोगाने सापडतो असे कोणी म्हणेल. इतके वाण योगायोगाने सापडत नसतात. पण घरची ओढाताण अखेरपर्यंत संपली नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’च्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

कायदा आला, त्यात काय आहे

२००१ साली संसदेने पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा केला. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर असा कायदा करणे भागच होते. पण इतर अनेक देशांनी फक्त बियाणे कंपन्यांचे हक्क लिहिले, आपल्या कायद्यात शेतकऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. २००५ साली प्राधिकरण स्थापन झाले आणि २००७ पासून वाणांची नोंदणी सुरू झाली. म्हणजे दादाजींची पाच किलोची पिशवी गेल्यानंतर तेरा वर्षांनी.

या कायद्यात आपल्या कामाच्या गोष्टी कोणत्या, त्या सांगतो.

पहिली. ज्या शेतकऱ्याने नवा वाण काढला, त्याला शास्त्रज्ञ किंवा कंपनी यांच्याप्रमाणेच तो आपल्या नावाने नोंदवता येतो. कलम ३९ मध्ये हे स्पष्ट आहे. धानासारख्या पिकात संरक्षण पंधरा वर्षांपर्यंत मिळते. शेतकऱ्याला या कामी फी माफ आहे.

दुसरी. शेतकऱ्याने आपल्या शेतातले बी ठेवणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे, अदलाबदल करणे आणि विकणेही चालते. फक्त नोंदवलेल्या वाणाचे बियाणे ब्रँडचे नाव छापलेल्या पिशवीतून विकता येत नाही. २०१९ साली पेप्सिको कंपनीने गुजरातमधील बटाटा उत्पादकांवर दावे लावले आणि देशभर ओरड झाल्यावर ते मागे घेतले. तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने याच कलमाचा आधार सांगितला गेला.

तिसरी. शेतकऱ्याच्या वाणापासून मुख्यतः त्याच गुणांचा दुसरा वाण काढायचा असेल, तर त्या शेतकऱ्याची संमती लागते. कोणीही वाण नोंदवताना मूळ बियाणे कायदेशीर मार्गाने मिळवले असे लिहून द्यावे लागते, आणि आदिवासी किंवा ग्रामीण कुटुंबांनी जपलेले बियाणे वापरले असेल तर तेही उघड करावे लागते. तसेच एखाद्या वाणाच्या घडणीत गावाचा हातभार असेल तर गावाच्या वतीने मोबदल्याचा दावा लावण्याची सोय आहे.

म्हणजे १९९४ सारखी गोष्ट आज घडली तर शेतकऱ्याला बोट ठेवायला जागा आहे. कायदा आल्यावर दादाजींच्या एच.एम.टी.चीही शेतकऱ्याचा वाण म्हणून नोंद झाली. पण तोवर तो लाखो बांध्यांत पोचला होता. घोडा रानात गेल्यावर तबेल्याला कुलूप लावले, तरी ते कुलूप कामाचे किती?

नोंदणीने काय होते, काय होत नाही

येथे एक गोष्ट खरी खरी सांगितली पाहिजे. वाण नोंदवला की घरी पैशाचा ओघ सुरू होतो असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. धानाचे बी प्रत्येक शेतकरी घरी धरू शकतो, आणि तो त्याचा हक्कच आहे. तेव्हा प्रत्येक बांधीतून शोधकाला रॉयल्टी मिळेल हे शक्य नाही, आणि आपल्यालाही ते परवडणारे नाही. उद्या तुमच्या शेजाऱ्याने तुमच्याकडून पायलीभर बी नेले म्हणून त्याच्यावर दावा लावणार काय?

फळबागेत गणित वेगळे बसते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्याचे नवनाथ कसपटे यांनी ‘एन.एम.के.-१ गोल्डन’ हा सीताफळाचा वाण काढला आणि आपल्या नावाने नोंदवला. सीताफळाची चांगली बाग कलमांवर उभी राहते, कलमे रोपवाटिकेतून येतात, म्हणून कोणी किती कलमे केली यावर शोधकाला लक्ष ठेवता येते. धानात ती सोय नाही.

मग धानाचा वाण नोंदवून उपयोग काय? उपयोग तीन ठिकाणी आहे. एक, कोणतीही संस्था किंवा कंपनी तो वाण आपला म्हणून परस्पर नोंदवू शकत नाही. दोन, ब्रँडच्या पिशवीत घालून त्याचे बियाणे विकायचे तर त्यांना तुमच्याशी बोलावे लागते. खरा पैसा याच ठिकाणी असतो. तीन, नाव राहते. नावाला मोल नाही असे समजू नका. एच.एम.टी. म्हटले की आजही बहुतेकांना घड्याळच आठवते, दादाजी आठवत नाहीत. तसेच एच.एम.टी.च्या नावाखाली दुकानात कोणकोणते तांदूळ विकले जातात याला धरबंध नाही. वाणाची लिखित ओळख वेळेवर झाली असती, तर शोधणाऱ्याचे नाव राहिले असते आणि खाणाऱ्यालाही खरा माल ओळखता आला असता.

आपल्या शेजारच्या छत्तीसगडच्या, तसेच ओडिशाच्या शेतकऱ्यांनी धानाचे शेकडो वाण नोंदवले आहेत. देवरी ओलांडली की छत्तीसगड लागते. तेथली माती, पाऊस, धान आपल्यासारखाच. तेव्हा तेथे जमते ते येथे जमणार नाही असे म्हणायला जागा नाही.

शेतकऱ्याने काय करावे

यंदा लोंब्या पडल्या की बांधीत वेगळे झाड दिसेल तेव्हा एवढे करा. त्या झाडाला चिंधी बांधा. रोगाने किंवा खत जास्त पडल्याने ते वेगळे दिसत नाही ना, ते पहा. पक्व झाल्यावर त्या एकाच झाडाचे दाणे वेगळ्या पुडीत ठेवा. इतर धानात चुरू नका. पुढच्या वर्षी त्याचे पऱ्हे वेगळे टाका, एका जागी एकच रोप अशी रोवणी करा आणि बाजूला मूळ वाणाच्या ओळी लावा. शेजारी तुलनेला मूळ वाण नसेल तर आपलेच डोळे आपल्याला फसवतात.

आणि साधी शंभर पानी वही घाला. पऱ्हे कधी टाकले, रोवणी कधी, निसवला कधी, कापणी कधी, उंची किती, तुडतुडा आला की नाही, पाणी साचले तेव्हा लोळला की उभा राहिला, गिरणीत तांदूळ किती आला आणि तुकडा किती पडला, हे तारखेसह लिहा. कृषी सहायक बांधावर आले तर वहीवर त्यांची सही घ्या. मोबाइलमध्ये तारखेसह फोटो काढून ठेवा. पोरांना ते येते.

बियाणे विकण्याची घाई करू नका. नवा वाण म्हणून नोंदवायचा असेल तर देशात त्याची विक्री सुरू होऊन एक वर्षाहून अधिक काळ लोटलेला चालत नाही. हा नियम ठाऊक नसल्याने माणूस आधी बियाणे वाटून मोकळा होतो आणि मग कागद शोधत बसतो. विद्यापीठाने, कंपनीने किंवा कोणा पाहुण्याने बियाणे मागितले तर नाही म्हणू नका. आपल्या पट्ट्यात साकोलीचे संशोधन केंद्र आहे, गोंदियाला हिवऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यांच्याकडून चाचणी झाली तर फायदा आपलाच. पण देताना पावती घ्या. किती किलो, कशासाठी, कोणी नेले, आणि वाण पुढे आणायचा तर संमती घेतली जाईल, एवढ्या चार ओळी पुरेत. दादाजींच्या पाच किलोसोबत या चार ओळी नव्हत्या.

ग्रामपंचायतीने काय करावे

हा भाग सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक यांच्यासाठी. शेतकऱ्याने आपला वाण नोंदवायचा तर अर्जासोबत एक दाखला लागतो. तो गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने, किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्याने, किंवा कृषी विद्यापीठाच्या संशोधन संचालकांनी, किंवा आदिवासी विकास विभागाच्या जिल्हा अधिकाऱ्याने द्यायचा असतो. म्हणजे अकोल्याला न जाता, दिल्लीला न जाता, हा दाखला गावातच मिळू शकतो. प्राधिकरणाची शाखा पुण्यातही आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत अशी समिती असली पाहिजे आणि तिच्याजवळ लोकजैवविविधता नोंदवही असली पाहिजे. तुमच्या गावात ही समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हे तुमचे तुम्हाला ठाऊक. नोंदवही कपाटात असेल तर ती बाहेर काढा. त्यात गावातील जुने धान कोणाकडे आहेत, नवे कोणी निवडले आहेत, हे नावानिशी लिहा. लुचईसारखे जुने वाण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरलेत. ते कोणाच्या ढोलीत उरलेत का, तेही पहा. ग्रामसभेत वर्षातून एकदा हा विषय ठेवला तर अर्ध्या तासाचे काम आहे. ज्या दिवशी एखादा शेतकरी पुडी घेऊन पंचायतीत येईल, त्या दिवशी त्याला ‘हे आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळता कामा नये.

शेतकरी बंधूंनो, दादाजींवर अन्याय झाला असे म्हणून हळहळणे सोपे आहे, आणि ती हळहळ खोटी नाही. पण १९८३ साली त्यांच्याजवळ नव्हता तो कायदा आज आपल्याजवळ आहे, आणि तो वापरायला लागणारी वही बाजारात मिळते. धानाचे वेगळे झाड सौंदडच्या बांधीतही उगवते. ते दिसले की आधी चिंधी बांधा, मग वहीत तारीख लिहा. भेसळ उपटायची ती त्यानंतर.